शिकागोचा सप्टेंबर आणि सांगलीचा दसरा

वाचकाचं पत्र : विश्रामबागला आमचं छोटं घर आहे. पुढे वीस बाय तीस फुटांचं लॉन आहे. आठ वर्षांपूर्वी तयार गालिचा आणून अंथरला होता. यंदा पाऊस ओसरल्यावर बघते तर लॉन नावालाच उरलंय, सगळा लव्हाळा, केना, आंबुशी आणि मला नावंही न येणारं काय काय. आंब्याखाली जमीन उघडी, फाटकाशी गाडी वळते तिथं टक्कल. मुलगा शिकागोला असतो. तो म्हणतो, लॉन दुरुस्त करायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरातच. त्यानं केलं आणि महिन्यात हिरवंगार झालं. मे महिन्यात आला तेव्हा तिकडच्या बियांची दोन किलोची पिशवीच घेऊन आला. माळीदादा म्हणतात, सगळं उपटून नवा गालिचा टाका. आमचे हे म्हणतात, पेव्हिंग ब्लॉक टाका, कायमची कटकट मिटेल. बोअरचं पाणी आहे, रोज संध्याकाळी मारते. कुणाचं ऐकू?

ताई,

आधी त्या पिशवीचं बोलू, कारण ती फोडायचा मोह तुम्हाला याच आठवड्यात होणार आहे. फोडू नका.

तुमचा मुलगा चुकीचं सांगत नाहीये. त्याच्या अंगणात त्यानं केलं ते अगदी बरोबर केलं. शिकागोकडे ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास ही थंड हवेची गवतं असतात. पंधरा ते चोवीस अंश तापमानात ती जोमात वाढतात, उन्हाळ्यात दमतात. ऑगस्ट संपला की तिथली हवा गार होते, माती मात्र अजून उबदार असते, आणि उन्हाळी तण पहिल्या हिमात आपोआप मरणार असतं. बी उगवायला ऊब, वाढायला गारवा आणि भांडायला कुणी नाही, अशी दोन महिन्यांची चैन त्या गवताला मिळते.

आपलं गवत उलट्या स्वभावाचं. तुमच्या गालिच्यात बहुतेक हरळीचीच सुधारलेली जात असणार, आणि हरळीला सत्तावीस ते पस्तीस अंश मानवतात. सांगलीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा बारा-पंधरापर्यंत उतरला की ती मरत नाही, पण गुडघे पोटाशी घेऊन बसते. ती पिशवी आता पेरलीत तर उगवेल, खोटं कशाला बोलू. कार्तिकात इतकं देखणं दिसेल की शेजारणी बघायला येतील. शिमग्याला पिवळं पडेल, आणि गुढी उभारताना तुम्ही पुन्हा मातीकडे बघत असाल. उष्ण प्रदेशातल्या काही गोल्फ मैदानांवर हिवाळ्यापुरतं रायग्रास मुद्दाम असं पेरतात आणि दरवर्षी पेरतात. त्यांचं बजेट वेगळं असतं. शिवाय परदेशातून बी आणायला सरकारी परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. पुढच्या खेपेला चॉकलेटं आण म्हणावं.

पण त्याचं 'आत्ताच कर' मात्र आपल्याकडेही खरं ठरतं, फक्त कारण वेगळं. परतीचा पाऊस होऊन जातो, जमिनीत ओल असते, माती अजून गरम असते आणि ऑक्टोबरचं ऊन हरळीला हवं तसं कडक असतं. दसऱ्यापासून दिवाळीच्या जरा पुढेपर्यंत हरळीच्या कांड्या पळतात. साधारण पाच-सहा आठवडे मिळतात. तेवढ्यात जे जमेल ते करायचं. एकदा पहाटे स्वेटर लागायला लागला की जमीन उकरायची नाही. राहिलेलं काम सरळ जूनवर टाकायचं.

आता माझं मुख्य म्हणणं. तुमच्या लॉनमध्ये तण शिरलंय म्हणून गवत विरळ झालेलं नाही. गवत आधी विरळ झालं, मग रिकाम्या जागी तण येऊन बसलं. बसमध्ये आपण उठलो की दुसरा बसतोच, त्यात त्याची काय चूक? तेव्हा गवताला का उठावं लागलं ते आधी शोधू. नाहीतर माळीदादांचा नवा गालिचासुद्धा तीन वर्षांत याच वाटेनं जाईल. लव्हाळ्याच्या बाबतीत तर तीन वर्षंही लागत नाहीत. जमिनीतल्या गाठी तशाच ठेवून वर गालिचा अंथरला, तर पंधरा दिवसांत त्यातून सुयांसारखे कोंब वर येतात.

शोधायला मोठं सामान लागत नाही. लांब पात्याचा एक स्क्रू ड्रायव्हर घ्या. जमीन ओली पण चिकटणारी नाही, म्हणजे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात त्या अवस्थेत असताना तो पाच-सहा ठिकाणी खुपसा. चार बोटं सहज गेला तर ठीक. बोटभर जाऊन अडला तर माती दडपलेली आहे, आणि फाटकाजवळ तो अडणारच. काळ्या मातीचं असं असतं की ओली असताना तिच्यावरून चाक गेलं की ती विटेसारखी बसते, मग ना पाणी खाली जातं ना मूळ.

मग जिथं गवत पिवळट आणि विरळ आहे तिथं मूठभर धरून ओढा. चटई उचलावी तसं मुळांशिवाय हातात आलं, तर खाली हुमणी आहे. उसाच्या पट्ट्यात राहून हुमणी काय ते तुम्हाला सांगायला नको. एक फूट बाय एक फूट, वीतभर खोल उकरून बघा. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पाच-सहा अळ्या निघाल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त. हातानं वेचा, साळुंक्यांना बोलवा (त्या न बोलावता येतात), आणि मेटारायझियम नावाच्या बुरशीची पावडर कुजलेल्या खतात मिसळून ओलसर जमिनीत द्या. अळी नसेल तर हा परिच्छेद विसरा.

तिसरी गोष्ट मशीनची. माळीदादा गवत किती बुटकं कापतात? मला शंका आहे की अगदी जमिनीलगत, म्हणजे पुढची खेप लांबते. हरळी दोन बोटं उंच राहायला हवी, साधारण तीन-चार सेंटिमीटर, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायची नाही. भादरल्यासारखं कापलं की जमिनीवर थेट ऊन पडतं. आंबुशी आणि घोळीचं बी याच उन्हाची वाट बघत असतं. माळीदादांना दुखवू नका, पण मशीनचा खटका एक घर वर करून घ्या. एवढ्या एका बदलानं निम्मं काम झाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

आणि चौथी गोष्ट तुमची स्वतःची : रोज संध्याकाळचं पाणी. थोडं थोडं रोज दिलं की मुळं वरच राहतात, आणि कायम ओलसर असलेला वरचा थर लव्हाळ्याला आणि केन्याला माहेरासारखा वाटतो. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर ते वर साचतात ते वेगळंच. जमीन सुकल्यावर पांढरी पापडी दिसते का, बघा. कृष्णाकाठची किती रानं जास्त पाण्यानं क्षारपड झाली ते आपण बघतोच. अंगणात तेच छोट्या प्रमाणात होतं. यापुढे ऑक्टोबरच्या उन्हात तीन-चार दिवसांनी, थंडीत आठ-दहा दिवसांनी, पण दिलं की वीतभर खोल भिजेल इतकं, आणि सकाळी. नव्यानं लावलेल्या भागाचा हिशेब वेगळा, तो पुढे येतो.

आता लव्हाळा. तुमचं सगळं लॉन एकीकडे आणि हा एकीकडे.

ओळख पक्की करून घ्या. दांडा दोन बोटांत फिरवला की गवताचा गोल लागतो, लव्हाळ्याचा तिधारी. खाली काळपट गाठी असतात, एका दोऱ्यात ओवल्यासारख्या. या गाठी म्हणजेच नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात जो वास आपल्याला हवाहवासा वाटतो, तो याच शत्रूचा. वरून उपटलं की दांडा तुटतो, गाठ खाली राहते आणि दहा दिवसांत नवा कोंब येतो. त्याहून वाईट म्हणजे माळ तुटली की आतापर्यंत झोपलेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. म्हणून सगळं खणून काढू म्हणत पॉवर टिलर फिरवणारे लोक एका लव्हाळ्याचे दहा करून ठेवतात. माळीदादांच्या योजनेतली हीच मला सगळ्यात मोठी भीती.

तुमचं अंगण सहाशे चौरस फुटांचं आहे. एवढ्याला खुरपं पुरतं. वाफशावर, दाट लव्हाळा असेल तिथं लांब खुरप्यानं वीतभर खोल जाऊन मातीच्या ढेकळासकट माळ उचला, हातानं फोडा, गाठी वेचा. बहुतेक गाठी वरच्या वीतभरातच असतात. वेचलेल्या गाठी खतात टाकायच्या नाहीत. गच्चीवर पसरून दोन आठवडे कडक वाळवा. कोरड्या झाल्या की त्या मरतात. नंतर जे कोंब येतील ते चौथं पान यायच्या आत काढत राहा. साधारण तीन आठवड्यांत नवा कोंब खाली नवी गाठ धरायला लागतो, म्हणून दर पंधरवड्याला एक फेरी हवीच. जुनी गाठ असे कोंब काढून काढून थकते. हे काम कंटाळवाणं आहे, मी गोड बोलून विकणार नाही. पण लव्हाळ्याची एक कमजोरी आहे, त्याला सावली सोसत नाही. वरची हरळी दोन बोटं उंच आणि दाट झाली की तो स्वतःच मागे सरतो.

औषधाचं विचाराल, म्हणून आधीच सांगतो. उसातल्या लव्हाळ्यासाठी आपल्याकडचे शेतकरी हॅलोसल्फ्यूरॉन नावाचं तणनाशक वापरतात आणि हरळीला ते सहसा सोसतं, हे खरं. पण ती पुडी एकराच्या मापाची असते. तुमचं लॉन म्हणजे एकराचा जवळपास बहात्तरावा भाग. तेवढी चिमूट घरातल्या काट्यावर मोजता येत नाही, अंदाजानं टाकली तर चौपट पडते, आणि पुडीवरच्या शिफारशीही पिकांसाठी असतात, घरच्या लॉनसाठी नव्हे. ग्लायफोसेट तर हरळीलाही मारतं, आणि २०२२ च्या केंद्राच्या आदेशानं ते आपण घरी फवारायचं राहिलेलंच नाही. टू-फोर-डीचं मात्र कुणी सुचवलं तर कान बंद करा. रुंद पानाचं तण त्यानं मरतं, हरळी वाचते, सगळं खरं; पण त्याचा उडालेला अंश द्राक्षाला आणि टोमॅटोला विषासारखा बाधतो. पानं पंख्यासारखी आकसतात. द्राक्षाच्या जिल्ह्यात, कुणाच्या परसात मांडव आहे हे माहीत नसताना, सहाशे फुटांच्या हौसेसाठी ते उघडू नये. आणि त्याच पंपानं नंतर जास्वंदीवर फवारलंत तर जास्वंदही गेली.

बाकीचं तण हातानं निघतं. केना मुळासकट काढा. त्याला जमिनीखालीसुद्धा फुलं येऊन बी धरतं आणि तुटलेल्या कांडीला पेरापासून मुळं फुटतात, तेव्हा कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, उन्हात वाळवा. आंबुशीच्या शेंगा हात लागताच फुटून बी उडवतात, म्हणून शेंगा हिरव्या असतानाच काढायच्या. गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून. घोळ आली असेल तर भाजी करा.

साफसफाई झाली की जमिनीकडे वळू. बागेचा चार दात्यांचा काटा मिळतो, तो चार-पाच इंच खोल खुपसून जरासा मागेपुढे हलवायचा, पलटी मारायची नाही. दर वीतभर अंतरावर. फाटकाजवळ दोनदा. हे वाफशावरच करायचं. चिखलात केलं तर दाते गुळगुळीत भिंती करून ठेवतात आणि पूर्ण वाळल्यावर केलं तर तुमचा खांदा जाईल. माळीदादांना हे काम द्या, पैसे द्या.

मग वर भर. निम्मा चाळलेला पोयटा, म्हणजे गाळाची माती, पाव भाग पूर्ण कुजलेलं खत, पाव भाग धुतलेली वाळू. हे मिश्रण एक सेंटिमीटर जाडीचं पसरून केरसुणीच्या पाठीनं भोकांत लोटायचं. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. सहाशे फुटांना साधारण वीस घनफूट माल लागतो, म्हणजे एक पंचमांश ब्रास. माती टाकणारा किमान एक ब्रास घ्या म्हणेल. ऐकू नका, किंवा दोन शेजारी मिळून वाटून घ्या. वाळू क्रशरची असेल तर धुतलेलीच. न धुतलेल्यातली बारीक पूड काळ्या मातीत मिसळली की गिलावा तयार होतो. पोयटा नदीकाठचा असेल तर चाळणीत लव्हाळ्याच्या गाठी सापडतात का ते स्वतः बघा, नाहीतर महिनाभर खपून बाहेर काढलेला पाहुणा ट्रॅक्टरमधून परत यायचा. खत म्हणून साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) चालते, पण ती पूर्ण कुजून थंड, काळी, मातीसारखा वास येणारी झालेली हवी. ताजी मळी तापते आणि मुळं भाजते.

खताबद्दल मी उगाच एवढं बजावत नाही. साताऱ्याच्या घरी एका वर्षी मी घाईनं अर्धकच्चं शेणखत टाकलं. त्या पावसाळ्यात लॉनवर तांदुळजा इतका उगवला की आम्ही दोन महिने भाजी विकत आणली नाही, आणि पुढच्या वर्षी हुमणी निघाली. भाजी चांगली होती.

आता मोकळ्या जागी लागवड. बियांची गरज नाही, गवत तुमच्याकडेच आहे. लॉनच्या ज्या कोपऱ्यात ते चांगलं आहे तिथून धावत्या कांड्या कापा. प्रत्येकीला दोन-तीन पेरं असावीत. चार बोटांच्या अंतरानं त्या तिरक्या खोचा, दोन पेरं मातीत, टोक वर. पायानं हलकं दाबा. बांधावरची हरळी आणून लावू नका. तीही हरळीच, तीच दूर्वा, पण तिची पेरं लांब, पात भरड, आणि तुमच्या बारीक गवतात ती ठिगळासारखी दिसते. रानात जिला शिव्या देऊन खणून काढतो आणि गणपतीला एकवीस मोजून वाहतो, तिची इथं कांडी कांडी करून लागण करायची, हे तुमच्या सासरच्या शेतकरी मंडळींना सांगू नका, हसतील. एक खात्री मात्र करा : तुमच्या गवताचं पातं फार बारीक, ताठ आणि हाताला टोचणारं असेल, म्हणजे नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन किंवा कोरियन म्हणतात ते असेल, तर ते फार सावकाश पसरतं. तसं असेल तर कांड्या दोन बोटांवर लावा आणि पूर्ण भरायला पुढचा पावसाळा उजाडेल असं धरून चाला.

लावलेल्या भागाला पहिले दोन आठवडे सकाळ-दुपार हलकं पाणी, झारीनं. नवी पात दिसली की हळूहळू वर सांगितलेल्या वेळापत्रकावर आणा. तीन आठवड्यांनी सगळ्या लॉनला मिळून तीनशे ग्रॅम युरिया, कोरड्या पातीवर सारखा फेकून लगेच भरपूर पाणी. पातीवर दाणे राहिले तर तिथं भाजल्यासारखे डाग पडतात. नोव्हेंबर अर्धा उलटल्यावर युरिया नको, थंडीत त्याचा उपयोग हिवाळी तणालाच होतो. आणि युरिया देऊनही नवी पात पिवळी, शिरा हिरव्या असं दिसलं, तर तो लोहाचा तुटवडा. उसावर केवडा पडतो तोच प्रकार, आपल्या चुनखडीच्या जमिनीत नेहमीचा. त्याला लिटरला पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, उन्हं उतरल्यावर फवारा. फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जन्मात निघत नाहीत.

डिसेंबरात लॉन मळकट दिसेल. घाबरून खत-पाणी वाढवू नका. होळीनंतर ते आपोआप उठतं. तरीही लव्हाळा हटलाच नाही अशी एखादी चौकट उरली, तर एप्रिलमध्ये ती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक कडा मातीनं बुजवून घट्ट अंथरा आणि सहा आठवडे सांगलीच्या उन्हाला काम करू द्या. तणाचं वरच्या थरातलं बी त्यानं बरंचसं मरतं, गाठी थोड्याच मरतात. जूनमध्ये पहिल्या पावसावर तिथं कांड्या लावा.

राहता राहिले तुमचे 'हे'. त्यांचं चाळीस टक्के बरोबर आहे. आंब्याखाली हरळी लावण्यात पैसे घालू नका, तिला किमान सहा तास ऊन लागतं आणि आंबा ते देणार नाही. पण तिथं ब्लॉकही नकोत, आंब्याच्या मुळांना श्वास हवा. खोडाभोवतीचा घेर तसाच सोडा, गळलेला पाला तिथंच राहू द्या, कडेनं हवं तर सिंगोनियमसारखी सावलीतली वेल लावा. झाडणारीला मात्र तसं निक्षून सांगावं लागेल, पाला दिसला की तिचा हात शिवशिवतो. ब्लॉक टाकायचे तर फाटकाजवळ, चाकं वळतात तेवढ्याच पट्ट्यात. भोकांचे ग्रास पेव्हर मिळतात; त्यात वजन सिमेंटवर येतं आणि भोकांतून हरळी वाढते. खाली खडी नीट दाबून घ्या, उतार रस्त्याकडे ठेवा. आणि त्यांना ब्लॉक पसंत करायला सोबत घेऊन जा, म्हणजे बाकीच्या लॉनवर त्यांचं लक्ष जाणार नाही.